सात खंड बाजूला ठेवा, घरामागचा ओढा घ्या

पत्र : आम्ही वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याच्या एका वस्तीत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठची. गेल्या जूनपासून दोघांना घरीच शिकवतो आहोत. भूगोल आणि निसर्ग एकत्र घेऊन 'महिन्याला एक खंड' असा बेत आखला होता. झेंडे रंगवले, प्राण्यांची चित्रं चिकटवली, मिठाच्या कणकेचा आशियाचा उठावाचा नकाशा केला. तो आठवड्यात तडकला आणि पुढं पावसाळी हवेत त्याला पाणी सुटलं. वहीत दाबलेल्या पानांना बुरशी आली. मुलगी आनंदानं सगळं करते, पण महिन्याभरानं काही आठवत नाही. मुलगा विचारतो, "यात शोधायचं काय असतं?" सासूबाईंचा प्रश्न वेगळाच, "परीक्षेचं काय?" घरामागं एक ओढा आहे, दिवाळीपर्यंत वाहतो. बहीण पाचगणीला असते. येत्या जूनपासून काय बदलू?

उत्तर :

ताई, मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. झेंडे रंगवण्यात शोधायचं काहीच नसतं. उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं आणि मुलांनी ते फक्त सजवायचं असतं. 'आफ्रिका' हे नुसतं धड्याचं नाव झालं. घटक उभा राहतो तो प्रश्नावर, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मोजूनच मिळेल. तो तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहून टाकला आहे. पाऊस दसऱ्याच्या आगेमागे थांबतो, मग ओढा दिवाळीपर्यंत वाहतो कसा? एवढ्या एका प्रश्नावर जून ते नोव्हेंबर आरामात जातील. आठवड्यातले तीन दिवस, दिवसाला दोन तास पुरे. बाकी वेळ गणित, भाषा आणि उनाडण्याला मोकळा ठेवा.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करा, कारण गेलेला पाऊस परत मोजता येत नाही. शीतपेयाची बाटली कापून उलटी खोचायची पद्धत सगळीकडे दाखवतात, पण तिचा तळ खळग्यांचा असतो आणि अंगाला गोलाई असते. त्यामुळं बाहेर चिकटवलेली पट्टी खोटं बोलते. त्यापेक्षा प्लंबरकडून ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा मागून घ्या. त्याच्या खालच्या तोंडात नरसाळं एम-सीलनं पक्कं बसवा आणि नरसाळ्याची नळी दोन लिटरच्या बाटलीत सोडा. ११० हा पाइपाचा बाहेरचा व्यास असतो. आतला मुलाला मोजायला लावा, १०.४ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस सेंटिमीटर, आणि बाटलीत साडेआठ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. पाणी मोजायला औषधाच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज घ्या, सुई न लावता. पाइपाच्या उभ्या कडेमुळं जोराच्या सरीतले थेंब उसळून बाहेर जात नाहीत. नुसतं नरसाळं ठेवलं तर जातात.

तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि पाणसळीत हवी, त्यासाठी बाटली लागेल तेवढी खड्ड्यात उतरवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. गच्चीवर नको, कठड्यापाशी वारा पाऊस उडवून नेतो. रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याची वेळही तीच आहे, म्हणून आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतात. मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहायचा. हे पहिल्याच दिवशी ठरवलं नाही तर पुढं अर्धी वही एक दिवस मागं सरकते आणि कुठून सरकली ते सापडत नाही. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो हवामान खात्याच्या लेखी पावसाचा दिवस. मुलीनं सिरिंज वाचायची, मुलानं भागाकार करायचा.

अस्संच दुसरं मापक बहिणीला द्या, फक्त बाटलीऐवजी पाच लिटरचा कॅन जोडा. घाटमाथ्यावर जोराच्या दिवशी दोन लिटरची बाटली अपुरी पडेल. तिनंही साडेआठलाच मोजायचं आणि आकडा फोनवर कळवायचा. महाबळेश्वरचा आकडा हवामान खातं रोज जाहीर करतं. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि वाईला त्याचा लहानसा हिस्सा मिळतो. तिन्ही ठिकाणं तीस-पस्तीस किलोमीटरच्या रस्त्यावर आहेत. तीन रंगांचे स्तंभ एकाच आलेख कागदावर काढत गेलात तर जुलैअखेर पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा, शिकवावी लागणार नाही, भिंतीवर दिसेल. कारण मात्र तुम्ही समजावून सांगा. समुद्रावरून आलेली दमट हवा घाट चढताना थंड होते आणि पाणी टाकते. पलीकडं उतरताना ती तापते, आणि मग ढगच विरायला लागतात.

आता उठावाचा नकाशा. मिठाच्या कणकेवर राग काढू नका, दोष ऋतूचा आणि जाडीचा होता. जाड थर वरून आधी सुकतो आणि आकसतो. आत ओल तशीच राहते, म्हणून तडा जातो. खालचा पुठ्ठाही ओला होऊन वाकतो. मीठ हवेतली आर्द्रता ओढतं, त्यामुळं जुलैत वाळलेला नकाशाही घाम फुटल्यासारखा ओला होतो. कोकणात आणि घाटाच्या पट्ट्यात हे काम फेब्रुवारी ते मे सोडून करूच नये. शिवाय कणकेचा नकाशा अंदाजानं होतो. कुठला डोंगर किती उंच हे हाताला कळत नाही.

त्याऐवजी पुठ्ठ्याच्या थरांचं प्रतिरूप करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकानुसार तुमचा भाग ४७ जी/१३ या पत्रकात येतो, महाबळेश्वर शेजारच्या ४७ जी/९ मध्ये. पसरणीपासून पाचगणीच्या पठारापर्यंतचा ८ किलोमीटर बाय ६ किलोमीटरचा तुकडा निवडा आणि दुप्पट मोठा करून ए-थ्री कागदावर दोन प्रती काढा. दुकानदाराला 'फिट टू पेज' बंद करायला आवर्जून सांगा, नाहीतर प्रमाण गेलंच म्हणून समजा. छपाईनंतर नकाशाची प्रमाणपट्टी फूटपट्टीनं तपासा, १ किलोमीटर बरोबर ४ सेंटिमीटर भरला पाहिजे. मग प्रतिरूप ३२ बाय २४ सेंटिमीटरचं होतं आणि जेवणाच्या टेबलावर मावतं.

या नकाशांवर समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दर २० मीटरला असते. सगळ्या घेऊ नका. कुरिअरच्या तीन-प्लाय खोक्याचा पुठ्ठा सुमारे ३ मिलिमीटर जाड असतो. या प्रमाणात जमिनीवरचे ४० मीटर म्हणजे कागदावर १.६ मिलिमीटर. म्हणून दर ४० मीटरला एक थर दिला तर उंची जवळजवळ दुप्पट दिसते. डोळ्याला ते बरं वाटतं आणि डोंगर ओळखू येतो. दर २० मीटरला थर द्याल तर चौपट होऊन पसरणीचा घाट हिमालयासारखा होईल, आणि १०० मीटरला दिलात तर खऱ्याहूनही चपटा. ७२० मीटरपासून १३२० पर्यंत पंधरा थर होतात. हा हिशेब आधी मुलालाच करू द्या. उंचीचं प्रमाण आणि अंतराचं प्रमाण वेगळं असू शकतं, हे अकराव्या वर्षी कळलं तर पुढं बरंच सोपं जातं.

एका प्रतीवरून कार्बननं रेषा पुठ्ठ्यावर उतरवायची. प्रत्येक थरावर दोन रेषा हव्यात, एक कापायची आणि वरचा थर कुठं बसणार ते दाखवणारी पुढची. ही दुसरी रेषा विसरली की सातव्या-आठव्या थरापर्यंत डोंगर एका बाजूला घसरतो. दुसरी प्रत कापू नका, ताडून पाहायला ठेवा. कापलेल्या थरावर लगेच उंचीचा आकडा आणि उत्तरेचा बाण लिहायचा, हे मुलीचं काम. कटर मुलाच्या हातात, पण तुम्ही शेजारी. एका बैठकीत तीन थर पुरेत, हात दमला की पातं घसरतं. फेव्हिकॉल पातळ लावा आणि वर रात्रभर पुस्तकांचं ओझं ठेवा. वर लिंपायचंच असेल तर फेव्हिकॉल आणि पाणी समसमान घेऊन त्यात बुडवलेल्या रद्दीच्या पट्ट्यांचे दोन पातळ थर द्या. खळ नको, पावसाळ्यात तिला बुरशी येते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात द्यायचं नाही.

पठाराच्या कडेला थरांच्या कडा एकावर एक येऊन उभी भिंत होते आणि माथा सपाट राहतो. मुलगा बोट फिरवून विचारेल, इथंच असं का? माथ्यावर जांभ्याचं कडक टोपण आहे आणि त्याच्याखाली काळ्या कातळाचे थर. टोपण कडेनं तुटत जातं, पण वरून सपाटच राहतं. हा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर.

प्रतिरूप झालं की निळी लोकर घेऊन ओढे बसवा. मुलं इथं हमखास गोंधळतात. रेषांचं टोक चढाकडं वळलेलं असेल तर तो ओढा, उताराकडं वळलेलं असेल तर ती धार, म्हणजे डोंगराची उंच कणा असलेली सोंड. मग तुमच्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या धारांवरून लाल दोरा फिरवा. दोऱ्याच्या आत पडलेला प्रत्येक थेंब तुमच्या घरामागून जाणार. हेच त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. त्याची सीमा पारदर्शक कागदावर उतरवून सेंटिमीटरच्या आलेख कागदावर ठेवा आणि चौकोन मोजा. कडेचे निम्म्याहून जास्त भरलेले धरा, बाकी सोडा. या प्रमाणात एक चौकोन म्हणजे सव्वासहा हेक्टर, आणि त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की सव्वासहा लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे साठावर टँकर. मुलीला लाखांत रस नसतो, टँकरमध्ये असतो.

ओढ्यात उतरायचं ते पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस. जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नाही. घाटाखालच्या ओढ्याला वरच्या पावसानं खाली ऊन असतानाही लोंढा येतो. सरळ वाहणारा १० मीटरचा टप्पा निवडून दोन्ही टोकांना दोऱ्या ताणा. वरून लिंबू सोडा आणि वेळ मोजा. लिंबू बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला ढकलत नाही. थर्मोकोलला ढकलतो. काठाला अडकलेली फेरी रद्द करायची आणि पाच चांगल्या फेऱ्यांची सरासरी घ्यायची. मग आडवी दोरी बांधून दर २५ सेंटिमीटरला काठीनं खोली मोजा. समजा रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर आणि लिंबाला लागले २५ सेकंद. छेदाचं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी सावकाश वाहतं म्हणून वेगाला ०.८५ नं गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला जवळजवळ १०० लिटर. दर रविवारी त्याच जागी मोजा. पाऊस शून्यावर आला तरी ओढ्याचा आकडा लगेच शून्य होत नाही, हळूहळू उतरतो. तुमचा मूळ प्रश्न इथं आलेखावर उभा राहतो.

उत्तर जमिनीत आहे. काळ्या दगडाचा आणि जांभ्याचा मुठीएवढा तुकडा उन्हात चांगला वाळवा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, वरचं पाणी टिपून पुन्हा तोला. जांभ्याचं वजन किती वाढलं आणि काळ्या दगडाचं किती, ते टक्क्यांत लिहा. दगड रस्त्याकडेच्या ढिगातले घ्या, चालू खाणीत जाऊ नका. मातीसाठी बरणीची साधी चाचणी पुरते. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, आणि जोरात हलवायचं. वाळू मिनिटभरात बसते, गाळ दोन तासांत, चिकणमातीला दोन दिवसही लागतात. काळी माती आदल्या रात्री भिजवून ठेवा, नाहीतर ढेकळं फुटत नाहीत आणि ती वाळूत मोजली जातात. घट्ट काळ्या दगडातही भेगा असतात आणि वरचा झिजलेला मुरूम पाणी धरतो. तिथं मुरलेलं पाणी उताराला कुठं बाहेर येतं ते झरे मुलांना ऑक्टोबरात ओढ्याच्या काठानं चालत शोधू द्या आणि प्रतिरूपावर टाचणी टोचायला लावा. टाचण्या साधारण एकाच उंचीवर आल्या तर का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. तो सोडवायची घाई तुम्ही करू नका.

झाडांसाठी सुतळीची एक मीटर बाय एक मीटरची चौकट पुरेशी आहे. एक ओढ्याकाठी, एक मुरमाड उतारावर. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका, म्हणजे दर पंधरा दिवसांनी तीच जागा सापडेल. आत किती प्रकारची झाडं आहेत ते मोजायचं. नाव माहीत नसेल तर 'लाल देठाचं', 'केसाळ पानाचं' असं लिहा आणि चित्र काढा. तेरडा, टाकळा, कुर्डू, सोनकी ही नावं घरातल्या मोठ्यांकडून मिळतील. सासूबाईंना या कामात घ्या. रानभाज्या त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखता येत असणार, आणि परीक्षेच्या प्रश्नाची धारही जरा बोथट होईल.

पानं दाबताना वहीत दाबू नका, वहीचा कागद ओल पीत नाही. ३० बाय ४५ सेंटिमीटरचे प्लायवूडचे दोन तुकडे, मध्ये रद्दीच्या घड्या आणि पुठ्ठे, वर आठ-दहा किलोचं ओझं. पहिले चार दिवस रद्दी रोज बदलायची, पुढं एक दिवसाआड. बुरशी येते ती रद्दी न बदलल्यानंच. पावसाळ्यात नवी रद्दीही दमट असते, आधी इस्त्री फिरवा. पानफुटीसारखी मांसल पानं दाबूच नका, त्यांचं चित्र काढा. चिठ्ठीवर तारीख, जागा, उंची आणि सावली की ऊन हे हवंच. उंची तुमच्या प्रतिरूपावरून मिळेल. काससारख्या संरक्षित पठारावरचं फूल तोडायचं नाही. पक्ष्यांची घरटी आणि अंडीही जागच्या जागी राहू द्या, ती उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा ठरू शकतं.

लांबचा भूगोल सुटेल अशी भीती वाटत असेल तर ओढ्याचं पाणी पुढं सोडा. तो कृष्णेला मिळतो. कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहते. १ सेंटिमीटरला १० किलोमीटर धरून कागदाची १४० सेंटिमीटर लांब पट्टी भिंतीला लावा. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, पुढं कर्नाटकात भीमा, मग तुंगभद्रा. अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं. शेवट आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. त्याच पट्टीखाली सावित्रीची पट्टी लावा. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णेबरोबर तिचाही उगम मानतात, पण ती पश्चिमेला उतरून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते आणि तिची पट्टी वीतभरही होत नाही. एकाच पठारावरचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात. अडलेल्या प्रत्येक नावासाठी मराठी विश्वकोश उघडा. त्याच्या नोंदी इंटरनेटवर मोफत आहेत आणि त्याचं कार्यालय तुमच्या वाईतच आहे.

२२-२३ सप्टेंबरला ढगांनी उघडीप दिली तर एक जादाचं काम करा. एक मीटरची काठी ओळंब्यानं उभी करा आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजा. वाईला ती १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास पडते, घड्याळाच्या बाराला नव्हे. साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर यायला हवी. काठी आणि सावली कागदावर दहापट लहान काढून वरच्या टोकाचा कोन मोजला की १८ अंश, म्हणजेच तुमचा अक्षांश. सावलीत दोन सेंटिमीटर चूक झाली तर नकाशावर तुम्ही सुमारे ११० किलोमीटर सरकता. काठी तिरकी असणं हे नेहमीचं कारण.

परीक्षेचं थोडक्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे आहेत, आणि त्यांच्या माध्यमिक परीक्षेला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म असतो. अटी आणि तारखा त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. अभ्यासक्रमाशी सांधा जुळवायला बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. सातवीच्या भूगोलात समोच्चरेषांचा धडा आहे, सहावीच्या पुस्तकात खडकांचा. ते धडे काम झाल्यावर वाचायला द्या, आधी नको. आणि सगळ्या मोजण्यांची एकच वही ठेवा, शाईच्या पेननं लिहिलेली, खाडाखोडीसकट. कुणी विचारलं तर दाखवायला तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

खरेदी मेमध्येच उरकून घ्या, म्हणजे वळवाच्या सरीवर मापकाची एक रंगीत तालीम होईल. एम-सील नीट बसलं नसेल तर ते तेव्हाच कळेल. बहिणीचं मापक त्याच दिवशी, त्याच पाइपातून कापून घ्या.